पाटीवर 'फॅमिली हेल्थ नर्स स्पेशालिस्ट', खाली 'आयुष्मान कार्ड काढून मिळेल': यातलं खरं काय?

घाटाखालचा_खानापूरकर
बाजाराच्या गावांतून हल्ली अशा पाट्या दिसायला लागल्यात. वर 'फॅमिली हेल्थ नर्स स्पेशालिस्ट', त्याखाली कुठलातरी लांबलचक नंबर, त्याखाली 'शासनमान्य' आणि शेवटी 'आयुष्मान कार्ड काढून मिळेल'. तीन प्रश्न आहेत.
१) असा हुद्दा आपल्याकडे नोंदणीत आहे का? असला तर तपासायचा कुठे?
२) गडहिंग्लजला जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली, महाराष्ट्रात नोंदणी असलेली मुलगी लग्न होऊन इकडे कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आली, तर इकडे काम करायला काय काय लागतं?
३) आयुष्मान-आरोग्य कर्नाटक कार्डात नर्सचा हात नेमका कुठवर?
ऐकीव नको. ज्यांना कागद माहीत आहेत त्यांनी लिहावं.

कुंदा_एक_किलो
पाटीवर एवढं सगळं मावलं म्हणजे पाटी मोठी आहे बघा. नोंदणीचं माहीत नाही.

सिस्टर_आरएनआरएम
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही.
आपल्याकडे नोंदणी होते ती एएनएमची, म्हणजे सहायक नर्स-मिडवाईफची, नाहीतर नर्स आणि मिडवाईफ म्हणून, ज्याला आपण आरएन-आरएम म्हणतो. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं (मधल्या काही बॅचेसना साडेतीन होतं), बीएस्सी चार वर्षांचं. जीएनएमवर पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षं, त्यावर एमएस्सी दोन वर्षं. एमएस्सीला विषय पाच: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि कम्युनिटी हेल्थ. 'फॅमिली हेल्थ'च्या जवळचं काही असेल तर हे शेवटचं. तसं असेल तर पाटीवर 'एमएस्सी नर्सिंग, कम्युनिटी हेल्थ' असं सरळ लिहिता येतं. ते न लिहिता 'स्पेशालिस्ट' लिहिलंय यातच समजून घ्या.
इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०१७ मध्ये 'नर्स प्रॅक्टिशनर' नावाचा अभ्यासक्रम आणला, पण तो अतिदक्षता विभागासाठी, क्रिटिकल केअरचा. त्याचा घरगुती आरोग्याशी संबंध नाही.
तपासायचं तर राज्याच्या कौन्सिलकडे. कर्नाटकात कर्नाटक स्टेट नर्सिंग कौन्सिल, बेंगळुरू (कायदा १९६१चा). महाराष्ट्रात महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, मुंबई (कायदा १९६६चा). नोंदणी क्रमांक विचारा आणि नूतनीकरण कधीपर्यंत आहे ते बघा. पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी सतत शिक्षणाचे १५० तास भरावे लागतात. प्रमाणपत्र फ्रेममध्ये लावलेलं असतं, मुदत मात्र दहा वर्षांमागे संपलेली असते, हे फार होतं.

टिळकवाडी_टू_टेक्सास
सिस्टर, थोडी असहमती. हुद्दा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत 'क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट, फॅमिली हेल्थ' असा वर्ग खरोखर आहे, त्याचा कोडही आहे: ३६४एसएफ०००१एक्स. तिकडे काम करून परतलेल्या कुणीतरी पाटीवर लिहिलं असेल.
पण तिकडेही या कोडवर जाऊ नका. तिकडे प्रत्येक आरोग्य व्यावसायिकाला एनपीआय नावाचा दहा आकडी क्रमांक मिळतो. अर्ज भरताना आपला वर्ग अर्जदारच निवडतो. एनपीआय म्हणजे परवाना नव्हे, आणि सरकारी विम्यातली नोंदणीही नव्हे. परवाना राज्याचं नर्सिंग बोर्ड देतं. क्लिनिकल नर्स स्पेशालिस्टला त्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र लागतं. मग मेडिकेअरसाठी, म्हणजे तिकडच्या मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्यासाठी, पेकॉस नावाच्या प्रणालीत वेगळा अर्ज, कागदावर भरायचा तर ८५५-आय. त्याची दर पाच वर्षांनी फेरतपासणी. मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, तर राज्याराज्याचं, त्याचा अर्ज निराळा. एवढं झाल्यावर मेडिकेअरकडून डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के मिळतात.
तर एनपीआयच्या सरकारी यादीत नाव सापडलं म्हणजे 'शासनमान्य' असं तिकडचे लोकही समजून चालतात, आणि फसतात.

सिस्टर_आरएनआरएम
असहमती म्हणून लिहिलंत आणि माझंच म्हणणं पक्कं केलंत. 🙂 तिकडचा परवाना तिकडे. इथे रुग्णाला हात लावायचा तर इथल्या कौन्सिलची नोंदणी लागते. आणि मोठा फरक असा की आपल्याकडे सरकारी योजनेत नर्स स्वतंत्रपणे बिल लावूच शकत नाही. योजनेशी करार दवाखान्याचा असतो. नर्सचं नाव दवाखान्याच्या कर्मचारी यादीत जातं, बस्स.

कागदपत्र_काका
पाटीवरच्या 'लांबलचक नंबरा'बद्दल. तीन शक्यता.
पहिली, एनयूआयडी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या देशव्यापी नोंदवहीतला, आधारला जोडलेला क्रमांक. हा राज्य नोंदणी असल्याशिवाय मिळत नाही, म्हणून त्याला थोडं वजन आहे.
दुसरी, एचपीआर. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची आरोग्य व्यावसायिकांची नोंदवही, डॉक्टर आणि नर्स दोघांसाठी. अर्ज ज्याचा त्याने भरायचा, कौन्सिलकडून पडताळणी नंतर होते. म्हणून नुसता क्रमांक दाखवला तर 'पडताळणी पूर्ण' दिसतंय का ते विचारा.
तिसरी, त्या माणसाचा स्वतःचा १४ आकडी आभा क्रमांक. हसू नका. आभा रुग्णाचा असतो, तो तुमचा-माझा कुणाचाही निघतो.

कुंदा_एक_किलो
म्हणजे माझ्या म्हशीला कानात बिल्ला आहे १२ आकडी, ती पण शासनमान्य.

कागदपत्र_काका
म्हशीच्या बिल्ल्याची नोंद निदान पशुवैद्य तरी करतो.

वकील_कॅम्पातला
पाटीचा कायदेशीर भाग राहिला. कर्नाटकात खासगी दवाखाना, लॅब, नर्सिंग होम काहीही चालवायचं तर २००७च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली, म्हणजे केपीएमईखाली, नोंदणी लागते. तो क्रमांक दर्शनी भागात लावायचा असतो. तो नसेल आणि आत सलाईन लटकत असेल तर तक्रार जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करायची. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिली तरी चालते, पोच घ्या.
नर्सने डॉक्टरच्या लेखी सूचनेवरून घरी जाऊन ड्रेसिंग बदलणं, इंजेक्शन देणं, कॅथेटरची काळजी घेणं वेगळं. स्वतः निदान करून गोळ्या लिहून देणं वेगळं.

चंदगडी_शिनोळीकर
दुसऱ्या प्रश्नावर. महाराष्ट्र ते कर्नाटक नोंदणीचा क्रम असा:
आधी महाराष्ट्र कौन्सिलचं नूतनीकरण चालू आहे का बघा. मुदत संपलेली असेल तर पुढचं सगळं तिथेच अडतं. मग ना हरकत आणि पडताळणीसाठी महाराष्ट्र कौन्सिलला अर्ज. पडताळणी एका कौन्सिलकडून दुसऱ्या कौन्सिलला थेट जाते, तुमच्या हातात मिळालेली प्रत चालत नाही. मग कर्नाटक कौन्सिलला परराज्यातील नोंदणीचा अर्ज. सोबत दहावीची सनद (जन्मतारखेसाठी), बारावी, जीएनएमच्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, डिप्लोमा, नर्स आणि मिडवाईफ दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं, आधार, फोटो. एनयूआयडी तोच राहतो.
उलट दिशेने, इकडून तिकडे जाताना, वेगळीच अडचण येते. २०१६-१७च्या सुमारास कर्नाटकात नर्सिंग कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता लागते की राज्याची पुरते यावर कोर्टकज्जा झाला. त्या काळातल्या काही कॉलेजांच्या मुलींना इतर राज्यांत प्रश्न विचारले जातात. तेव्हा प्रवेश घेतानाच दोन्ही मान्यता बघून ठेवाव्यात.

नंदगडची_अक्का
शिनोळीकर, सगळं बरोबर आहे, खरं खरी अडचण नावात येते. ती लिहिली नाही तुम्ही.
महाराष्ट्राच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं. आपल्याकडे कर्नाटकात नाव पहिलं, पुढे नवऱ्याचं किंवा नुसतं आद्याक्षर. त्यात इंग्रजी स्पेलिंग. महाराष्ट्रात ज्योती, सुनीता लिहिताना 'टी' एकटा असतो. इकडे कन्नडच्या सवयीने त्याच्यापुढे 'एच' लागतो, ज्योथी, सुनीथा. आधार इकडे अपडेट केलं की एच येऊन बसला म्हणून समजा. मग ऑनलाइन जुळत नाही म्हणून अर्ज परत.
उपाय: पत्ता बदलताना नावाला हात लावू देऊ नका. ऑपरेटर टाइप करतो तिथे पडद्यावर बघून इंग्रजीतलं एकेक अक्षर वाचायचं. लग्नानंतरचं नाव लावायचंच असेल तर आधी लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, मग दोन्ही कौन्सिलांत बदल, मग आधार. उलटा क्रम केला की प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्र.

निपाणी_नाका
अक्का, माझा सल्ला उलटा आहे. लग्नानंतर नोंदणीतलं नाव बदलूच नये. नोंदणी, गुणपत्रिका, आधार सगळं माहेरच्या नावावर ठेवावं. कायद्याने नाव बदलायची सक्ती कुठे आहे?

नंदगडची_अक्का
सक्ती नाही हो. पण रेशन कार्डावर सासरचं नाव घातलं जातं आणि ते आधारवरूनच येतं. त्याचा पुढे कार्डाशी संबंध येतोच.

तालुका_आस्पत्र
कार्डाचा विषय आला तर तिसऱ्या प्रश्नावर लिहितो.
आधी दोन कार्डं वेगळी करा. आभा म्हणजे आरोग्याच्या नोंदी ठेवायचा क्रमांक, त्यावर एक रुपयाचा उपचार मिळत नाही. आयुष्मान-आरोग्य कर्नाटक म्हणजे उपचाराचं संरक्षण. दवाखान्यात आभाची छापील प्रत लॅमिनेट करून आणणारे रोज दिसतात.
कर्नाटकची योजना सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट चालवतो. 'आरोग्य कर्नाटक' मार्च २०१८ मध्ये सुरू झालं, त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ते आयुष्मान भारतशी जोडलं. बीपीएल आणि अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाख. एपीएल असेल तर पॅकेजच्या दराच्या ३० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख. ही ३० टक्क्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. मग डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर भांडणं.
नोंदणीला लागतं आधार आणि रेशन कार्ड. ग्राम वन, कर्नाटक वन ही सरकारी सेवा केंद्रं, सरकारी दवाखाने, किंवा आयुष्मान ॲपवर स्वतः. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर ओटीपीवर होतं, नाहीतर बोटांचे ठसे. शेतात, विटभट्टीत राबणाऱ्यांचे ठसे उमटत नाहीत, त्यांनी ॲपमधली चेहऱ्याची सोय वापरावी. आणि कार्ड हाताशी नसलं म्हणून कुणी घाबरू नये. आधार आणि रेशन कार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, गेलं तरी काम होतं.
आता संदर्भपत्र. साधे उपचार सरकारी दवाखान्यातच व्हायचे. तिथे सोय नसेल तर सरकारी डॉक्टर ऑनलाइन संदर्भपत्र देतो, मग यादीतल्या खासगी रुग्णालयात जायचं. योजना सुरू झाली तेव्हाच्या १६५० उपचारांच्या यादीत १६९ तातडीचे होते, त्यांना संदर्भपत्र लागत नाही. बाकीच्यांनी आधी खासगीत भरती होऊन मागाहून पत्र मागायला येऊ नये, ते देता येत नाही.
नर्सचा हात कुठवर? उपकेंद्रातली सामुदायिक आरोग्य अधिकारी, सीएचओ, ३० वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी करते, आशाने भरलेला आजारांच्या धोक्याच्या प्रश्नावलीचा फॉर्म बघते (गुण ४ च्या वर गेले की आधी बोलवायचं), आभा काढून देते, ऑनलाइन डॉक्टरचा सल्ला मिळवून देते, प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवते. खासगी रुग्णालयाचं संदर्भपत्र ती देऊ शकत नाही. पाटीवाली तर नाहीच नाही.

घाटाखालचा_खानापूरकर
मग 'कार्ड काढून मिळेल' म्हणजे काय करतात ते?

तालुका_आस्पत्र
तुमचा ओटीपी घेऊन तेच ॲप स्वतःच्या मोबाइलवर उघडतात. ते बेकायदेशीर असेलच असं नाही, पण घरातल्या चारही माणसांचे आधार आणि ओटीपी परक्याच्या मोबाइलवर जातात. घरात पोरगं दहावीला असेल तर त्याच्याकडून करून घ्या की.

सीमाभाग_जागा
आणि महाराष्ट्राच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं काय? २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी माणसांना ती लागू केली. ते कुणी बोलेना.

निपाणी_नाका
लागू केली, कर्नाटकने आक्षेप घेतला, आणि पुढे काय झालं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. अर्ज भरायची केंद्रंच राजकारणात अडकली.

सीमाभाग_जागा
म्हणजे गप्प बसायचं? १९५६ पासून

व्यवस्थापक
सीमाप्रश्नाचा वेगळा धागा आहे, ४१२ प्रतिसादांचा. तिकडे स्वागत आहे. इथे कागद, क्रमांक, कार्ड.

चंदगडी_शिनोळीकर
व्यवस्थापकांचा मान राखून फक्त कामाचं. महाराष्ट्रात फुले योजनेला १ जुलै २०२४ पासून कुठल्याही रंगाचं रेशन कार्ड चालतं आणि मर्यादा ५ लाख आहे. त्यांची मदतवाहिनी १५५३८८. पण हे महाराष्ट्राच्या रेशन कार्डाला.
कर्नाटकचं कार्ड घेऊन कोल्हापूर-मिरजेला जाणाऱ्यांसाठी: आयुष्मान भारत देशभर चालतं हे खरं, पण ते केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांना. कर्नाटकने स्वतःच्या पैशातून जी कुटुंबं वाढवली त्यांना दुसऱ्या राज्यात ते लागू होईलच असं नाही. कार्ड दिसायला सारखंच. निघण्याआधी १४५५५ वर फोन करून 'परराज्यात चालेल का' हा एकच प्रश्न विचारा. आणि तिकडचं रुग्णालय आयुष्मान भारतच्या यादीत आहे का तेही. फक्त फुले योजनेच्या भरवशावर जाऊ नका.

उद्यमबाग_शिफ्ट_बी
फाउंड्रीवाल्यांनी हा धागा वाचून घाबरू नये. पगार २१,००० पर्यंत असेल तर तुमचं ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, आहे, पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ भरतो. त्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंसुद्धा येतात, जी आयुष्मानमध्ये सहसा येत नाहीत. ई-पेहचान कार्डावर बायको-पोरं, आई-बाप जोडलेत का तेवढं बघा.

सोसायटी_चेअरमन
तसंच यशस्विनी, कर्नाटकची आरोग्य योजना. सहकारी संस्थेच्या सभासदांसाठी. ग्रामीण भागात चार माणसांना ५०० रुपये, पुढे प्रत्येकी १००. शहरी संस्थेला १००० आणि २००. मर्यादा ५ लाख. नोंदणी वर्षभर नसते, मुदत ठरलेली असते, ती गेली की पुढचं वर्ष. दूध संस्थेचे सभासदही चालतात. एपीएल कार्डवाल्यांनी ३० टक्क्यांवर रडण्यापेक्षा हे बघावं.

घाटाखालचा_खानापूरकर
आता पुन्हा त्या मुलीकडे येतो. कर्नाटक कौन्सिलची नोंदणी झाली समजा. तिला उपकेंद्रावर सीएचओ म्हणून जायचं असेल तर जीएनएम पुरतं?

सिस्टर_आरएनआरएम
नुसतं जीएनएम पुरत नाही. सहा महिन्यांचा कम्युनिटी हेल्थचा सर्टिफिकेट कोर्स लागतो, किंवा तो अभ्यासक्रमातच धरलेली बीएस्सी अथवा पोस्ट बेसिक. कुठली पात्रता धरतात ते प्रत्येक जाहिरातीत वाचायचं, दर वेळी तेच नसतं. पोस्ट बेसिक करायची तयारी असेल तर तिने तीच करावी, पुढे शिकवायचे दरवाजेही उघडतात.
आणि कन्नड. बोलता येणं वेगळं, लिहिता येणं वेगळं. उपकेंद्राच्या नोंदवह्या, आशांच्या बैठका, पत्रव्यवहार सगळं कन्नडमध्ये. कणकुंबी-जांबोटीकडे रुग्ण मराठी बोलतील, कागद कन्नडच मागेल. सहा महिने रोज एक पान लिहिलं तर जमतं.

बिदर_भालकी
आमच्याकडच्या कुणी वाचत असेल तर: राज्यघटनेच्या कलम ३७१(जे)चं आरक्षण कल्याण कर्नाटकाला आहे, त्यात बिदर येतं. बेळगावला नाही. बेळगावच्या मुलींनी त्या कोट्यात अर्ज करून फी वाया घालवू नये.

तालुका_आस्पत्र
खानापूरकर, एक विचारतो. त्या मुलीचं स्वतःचं रेशन कार्ड?

घाटाखालचा_खानापूरकर
अजून चंदगडलाच आहे नाव. माहेरच्या कार्डावर.

तालुका_आस्पत्र
मग कौन्सिलच्या अर्जाबरोबर तेही हातात घ्या. आत्ता ती इकडच्या कार्डावर नाही, म्हणून कर्नाटकच्या योजनेत नाही. इकडे बाळंतपण आलं आणि सिझेरियन खासगीत करावं लागलं तर पूर्ण बिल. उद्या उपकेंद्रात बसून गावभर कार्डं काढून देईल आणि स्वतःचंच नसेल.

नंदगडची_अक्का
चंदगडच्या तहसीलमधून, पुरवठा शाखेकडून, नाव कमी केल्याचा दाखला आणायचा. मूळ कार्ड आणि माहेरच्यांपैकी कार्डप्रमुख सोबत लागतो. इकडे नाव वाढवायचं पोर्टल कायम उघडं नसतं, मध्येच काही दिवस उघडतं आणि बंद होतं. म्हणून दाखला आधी आणून ठेवा, पोर्टल उघडल्यावर धावपळ नको. आणि कमी केल्यापासून इकडे वाढेपर्यंत ती कुठल्याच कार्डावर नसते, तेव्हा दिवस गेले असतील तर तारखा मोजून करा.

घाटाखालचा_खानापूरकर
दाखल्यावर नाव सासरचं घालायचं की माहेरचं?

नंदगडची_अक्का
आधारवर आत्ता जे आहे तेच. आणि इंग्रजीत 'एच' नाही ना, ते बघून या.